परतीची तारीख मोकळी

फेब्रुवारीत बेटावर माणसं एकशे बारा,
शेळ्या कुणी मोजत नाही.
बोट आठवड्यातून दोनदा, तीही वाऱ्याची मर्जी सांभाळून.
मी धक्क्यावरच्या खोलीत तिकिटं विकतो,
म्हणजे बहुतेक वेळ स्टोव्हपाशी बसून असतो,
आणि याच दिवसांत येऊ लागतात
दूरदूरच्या लोकांच्या उन्हाळ्याच्या चौकश्या.

श्टुटगार्टचं कुटुंब: किनाऱ्यावर वाळू आहे की गोटे?
लीड्सचे निवृत्त मास्तर: वर जायला पायऱ्या नेमक्या किती?
एकशे चौऱ्याऐंशी. गुडघ्यांचं तुम्ही बघा.
एक नवी नवरी: खिडकीतून सूर्यास्त दिसेल ना?
दिसेल, बाई.
आमच्याकडेही तो पश्चिमेलाच मावळतो.

कॅलिरोईच्या तीन खोल्यांची पत्रं मीच लिहितो.
ती सांगते, मी टंकतो.
"लिही, पाणी जपून वापरा.
लिही, नळ सोडून दात घासत उभे राहू नका.
नको, फार कडू झालं. खोड ते.
लिही, आमच्याकडे नदी नाही."

तिच्या नावाचा अर्थ सुंदर ओघ.
बाप्तिस्म्याला मात्र
टाक्यातलं मागच्या पावसाचं पाणी.
ईस्टरआधी ती गुडघ्यांवर बसून
अंगणातल्या फरशांच्या सांध्यांना चुना देते.
ऑगस्टात मेल्तेमी सुटला की
तिच्या चादरी दहा मिनिटांत वाळतात
आणि अकराव्या मिनिटाला शेजाऱ्याच्या अंजिरावर सापडतात.
सुट्टी तिच्या घरात तीन खोल्यांत राहते.
चौथीत ती स्वतः.

शेवटचा पाहुणा गेला की दर वर्षी
ती माझ्या दारात येऊन विचारते,
"इसिदोरे, पिरेअसचं भाडं किती झालं?"
मी सांगतो.
ती "हं" म्हणते, यीस्टची पुडी घ्यायला दुकानात जाते.
एकोणीस वर्षं.
मधल्या काळात द्राख्मा गेला, युरो आला,
तिचं "हं" तेवढंच राहिलं.

यंदा तिनं टेबलावर बिस्किटांचा डबा ठेवला.
आत नोटा, चिल्लर,
एक डेन्मार्कचं भोकाचं नाणं, ते मी परत दिलं.
"एक जागा. डेकवरची नको, बसायची.
ग्रेवेनाला मावसबहीण आहे, एवान्थिया.
तिच्या घरामागून नदी जाते.
नुसती वाहते म्हणे, रात्रंदिवस,
कुणी बंदच करत नाही."

मग खुर्ची ओढून बसली, आवाज जरा खाली आणला,
"नदीला जाताना काय काय न्यायचं असतं?"

मी, ज्यानं हजार लोकांना सांगितलं
की टोपी आणा, सागरकाट्यांसाठी रबरी चपला आणा,
रोख पैसे आणा, यंत्र एकच आहे आणि ते रुसतं,
मी खिडकीबाहेर बघत बसलो.
अकरा वर्षं जहाजावर तेलवाला होतो.
अँटवर्पला नदीतून आत गेलो असेन तीसेक वेळा,
प्रत्येक वेळी खाली, इंजिनाशी.
"स्वेटर ने," म्हटलं.

तिनं डब्याच्या झाकणावर बोटानं लिहिल्यासारखं केलं: स्वेटर.
"आणि आवाज येतो का तिचा? झोप लागते का?"
"सवय होत असेल."
"सवय व्हायला किती दिवस लागतात?"

ते मला ठाऊक नव्हतं, म्हणून मी तिकीट फाडलं.
"परतीचं कधीचं लिहू?"
"तारीख मोकळी ठेव," म्हणाली,
आणि एकदम लाजली,
जसं काही मीच ते सुचवलं होतं.

दारातून मागे वळून
कोंबड्यांना कोण बघणार ते सांगून गेली.
मी.

बंदर-खात्याचा फोन तासाभरापूर्वीच येऊन गेला होता,
वारा आठवर, रात्री नऊवर जाईल.
गुरुवारची बोट सुटेल असं वाटत नाही.
एवढं तिला सांगायचं मी विसरलो.